अर्धा गुडघा बदलल्यावर पदरात काय पडतं: निर्णयापासून पहिल्या वर्षापर्यंत

फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "मॅडम, हा किती वर्षं टिकेल?" गाडीच्या टायरबद्दल विचारावं तसा. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. सांधा टिकणं वेगळं आणि त्या सांध्यावर जगणं सुसह्य होणं वेगळं. पंधरा वर्षं जागचा न हललेला, पण जिना उतरताना रोज कळ देणारा गुडघा, बदललेल्या सांध्यांची नोंद ठेवणाऱ्या नोंदवहीत 'टिकला' म्हणूनच मोजला जातो. अर्ध्या गुडघ्याच्या बाबतीत तर या दोन मोजपट्ट्या चक्क उलट दिशांना बोट दाखवतात, आणि नेमकं तिथेच लोक गोंधळतात. म्हणून हा लेख आकड्यांपासून सुरू करत नाही. आधी गुडघा, मग एक्स-रे, मग आकडे, आणि त्यानंतर तुमच्या हातात असलेले बारा महिने, अशा क्रमाने जाऊ.

पायरी १: बदलतात काय, ते नीट समजून घ्या

'अर्धा गुडघा' हे बोलण्यातलं नाव. गुडघ्याला खरं तर तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. पार्शल शस्त्रक्रियेत यातला एकच कप्पा बदलतात, त्यामुळे हिशेबाने तो अर्धा नसून एक तृतीयांश गुडघा झाला. बहुतेक वेळा झिजलेला असतो तो आतला कप्पा, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडची बाजू. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची छोटी चकती बसते आणि मधे पॉलिएथिलीनची, म्हणजे एका प्लास्टिकची, गादी. काही इम्प्लांटमध्ये ही गादी चकतीला घट्ट जोडलेली असते, काहींमध्ये ती सरकती असते. सरकती गादी कमी झिजते, पण क्वचित जागेवरून निसटू शकते. घट्ट गादी निसटत नाही. दोन्ही पद्धतींचे दीर्घकालीन निकाल चांगले आहेत, त्यामुळे या वादात तुम्ही फार वेळ घालवू नका. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते इम्प्लांट तुमच्यासाठी बरं.

जे बदलत नाहीत ते जास्त महत्त्वाचं आहे. दोन्ही क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांवरून जाणारे बंध, जागेवरच राहतात. पूर्ण गुडघा बदलताना पुढचा बंध, एसीएल, सहसा काढूनच टाकतात. गुडघा कुठे आहे, किती वाकलाय, पाऊल कुठे पडणार, याची खबर मेंदूला देण्यात या बंधांचा वाटा असतो. 'हा माझाच गुडघा वाटतो' असं पार्शल झालेली माणसं जास्त वेळा म्हणतात, त्यामागे हे एक कारण आहे.

पायरी २: एक्स-रे घेऊन समोरासमोर बसा

माझ्या मते निकालाचा मोठा हिस्सा ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधीच, एक्स-रेसमोर ठरलेला असतो. चुकीच्या गुडघ्यात अगदी सुबक बसवलेलं इम्प्लांटसुद्धा दुखत राहतं.

पहिली गोष्ट: एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये सांध्यातली फट फसवी रुंद दिसते, कारण तिच्यावर शरीराचं वजनच नसतं. उभ्या फिल्ममध्ये आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं दिसायला हवं. हे ऐकून लोक दचकतात. "एवढं बिघडल्यावर कशाला, थोडं बिघडलं असतानाच करून टाकू ना!" असं म्हणतात. पण इथला नियम उलटा आहे. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, अर्धवट झिजलेली असताना, फट थोडी शिल्लक असताना केलेल्या पार्शलचे निकाल बेभरवशाचे असतात. वेदनेचं मूळ कदाचित तिथे नसतंच, आणि मग इम्प्लांट बसल्यावरही ती जात नाही. फिल्ममध्ये फट दिसते आणि दुखणं मात्र फार, अशी जोडी असेल तर थांबा. कंबर, खुबा, मांडीचा अशक्तपणा, हे सगळं आधी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट: बाहेरचा कप्पा शाबूत हवा. त्यासाठी नडगी बाहेरच्या दिशेला रेटून धरून एक खास फिल्म काढतात. तीत आतली बंद फट उघडली आणि बाहेरची फट पूर्ण जाडीची राहिली, तर दोन गोष्टी एकदम कळतात: पायाचं वाकडेपण सरळ होण्याजोगं आहे आणि बाहेरची कूर्चा वजन पेलू शकते. ही फिल्म काढली नसेल तर तसं स्पष्ट विचारा.

तिसरी गोष्ट: एसीएल काम करत असायला हवा. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये त्याचा सुगावा लागतो. झीज नडगीच्या हाडाच्या पुढच्या भागात असेल आणि मागचा भाग बरा असेल, तर बंध बहुधा ठीक असतो. झीज मागपर्यंत पोचलेली असेल तर शंका घ्यायची.

चौथी गोष्ट म्हणजे संधिवाताचा प्रकार. आमवातासारखा, सगळ्या सांध्याला सूज आणणारा आजार असेल तर पार्शलचा विचार सोडून द्यावा लागतो. तो आजार एका कप्प्यात थांबत नाही.

वय आणि वजनाबद्दल बऱ्याच जुन्या कल्पना अजून फिरताना दिसतात. १९८९ मध्ये कोझिन आणि स्कॉट या सर्जननी निकष मांडले होते: वय साठच्या पुढे, वजन ८२ किलोच्या आत, अंगमेहनतीचं काम नको. पुढच्या अनुभवाने, निदान सरकत्या गादीच्या बाबतीत, या अटी फार कडक असल्याचं दिसलं. वजन जास्त आहे एवढ्यावरून आज कुणाला सरसकट नाकारत नाहीत. वयाचं मात्र थोडं वेगळं आहे. पंचावन्नच्या आतल्या माणसांमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण जास्त असतं. ते पूर्ण गुडघ्यातही जास्तच असतं. तरुण माणूस गुडघा जास्त वापरतो आणि त्यापुढे जास्त वर्षं जगतो, इतका साधा हिशेब आहे.

पायरी ३: आकडे वाचा, पण तीन वेगळ्या रकान्यांत

कागदावर तीन रकाने आखा: 'बरं वाटणं', 'धोका' आणि 'टिकणं'. कुणी कुठलाही आकडा सांगितला की तो यातल्या कुठल्या रकान्यात जातो ते आधी ठरवा.

*बरं वाटणं.* इथे सगळ्यात जास्त वापरली जाणारी मोजपट्टी म्हणजे ऑक्सफर्ड नी स्कोअर. बारा साधे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला. शस्त्रक्रियेला येणाऱ्या बहुतेकांचा स्कोअर विशीच्या आसपास असतो. ब्रिटनमधल्या टॉपकॅट या चाचणीत ५२८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली, एका गटाला पार्शल आणि दुसऱ्याला पूर्ण गुडघा. पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पार्शल गटाचा सरासरी स्कोअर ३८, पूर्ण गुडघ्याच्या गटाचा ३७. म्हणजे व्यवहारात बरोबरी. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाणही दोन्हीकडे साधारण सारखंच निघालं, आणि पाच वर्षांचा एकूण खर्च पार्शलमध्ये कमी आला.

सरासरी ३८ म्हणजे ४८ नाही, हेही इथेच लक्षात घ्या. 'वीस वर्षांपूर्वीचा गुडघा परत मिळेल' ही अपेक्षा घेऊन आलेला माणूस ३८ वरही नाराज असतो. 'रात्री झोप लागावी आणि अर्धा तास चालता यावं' म्हणून आलेला त्याच ३८ वर खूश असतो. हे मी आठवड्यातून दोनदा तरी बघते.

*धोका.* या रकान्यात पार्शल उघडपणे पुढे आहे. इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय सांधे नोंदणीतून एक लाखाहून जास्त रुग्णांची जोड्या जुळवून केलेली तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पार्शलनंतर रुग्णालयातला मुक्काम कमी, रक्त चढवण्याची गरज कमी. रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका यांचं प्रमाणही कमी. पहिल्या ३० दिवसांतला मृत्यूचा धोका पूर्ण गुडघ्याच्या मानाने साधारण एक चतुर्थांश. हा धोका मुळातच दोन्हीकडे लहान असतो, पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या वयस्कर माणसासाठी हा फरक किरकोळ नाही.

*टिकणं.* इथे पारडं फिरतं. त्याच अभ्यासात आठ वर्षांच्या टप्प्यावर पुन्हा बदलण्याचं प्रमाण पार्शलमध्ये सुमारे दुप्पट होतं. २०१९ मध्ये आलेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून २५ वर्षांचा अंदाज काढला: पूर्ण गुडघे ८२ टक्के टिकले, पार्शल ७० टक्के.

आता हा ७० चा आकडा जरा उलगडून बघू, कारण निम्मा निर्णय त्याच्यावरून होतो. 'पुन्हा बदलला' म्हणजे 'तुटला' किंवा 'सैल झाला' असं नसतं. पार्शल दुखू लागला तर सर्जनपुढे एक सोपी वाट उघडी असते: काढा आणि पूर्ण गुडघा बसवा. पूर्ण गुडघा दुखू लागला तर पुढचं ऑपरेशन अवघड असतं, म्हणून सगळे थांबतात, गोळ्या देतात, वाट बघतात. न्यूझीलंडच्या सांधे नोंदणीच्या आधारे हे फार स्पष्टपणे दाखवलं गेलं. ऑक्सफर्ड स्कोअर २० च्या खाली, म्हणजे निकाल वाईटच, अशा रुग्णांमध्ये पूर्ण गुडघ्याचे सुमारे १२ टक्के रुग्ण पुन्हा टेबलावर गेले, तर पार्शलचे सुमारे ६३ टक्के. दुखणं तेवढंच, पण नोंदवहीत एक 'टिकला' आणि दुसरा 'फसला'. म्हणजे टिकण्याचा आकडा काही अंशी सांध्याबद्दल बोलतो आणि काही अंशी डॉक्टर किती लवकर हात घालतात त्याबद्दल.

याचा अर्थ ७० खोटा आहे असा नाही. पार्शलमध्ये उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात, आणि पूर्ण गुडघ्यात तो प्रश्नच शिल्लक नसतो. साठीच्या आत ऑपरेशन करून घेणाऱ्याने 'आयुष्यात आणखी एक ऑपरेशन लागू शकतं' हे मनाशी धरूनच सही करावी. पार्शलवरून पूर्ण गुडघ्यावर जाणं हे पूर्ण गुडघा पुन्हा बदलण्यापेक्षा सहसा सोपं जातं. पहिल्यांदाच पूर्ण गुडघा केल्याइतकं मात्र नेहमीच सोपं नसतं. हाड कमी पडलं तर जास्तीचे धातूचे तुकडे किंवा लांब दांडी लागते.

पायरी ४: सर्जनला विचारायचा एक नेमका प्रश्न

"तुम्ही किती ऑपरेशनं केलीत?" हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर नेहमीच मोठं येतं. त्याऐवजी असं विचारा: "तुम्ही शंभर गुडघे बदलता, त्यातले पार्शल किती?"

इंग्लंड-वेल्सच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासांत दिसलंय की ज्या सर्जनच्या एकूण गुडघ्यांपैकी निदान वीस टक्के पार्शल असतात, त्यांचे निकाल ठळकपणे बरे येतात. वर्षातून दोन-चारच पार्शल करणाऱ्यांचे निकाल सगळ्यात खराब. वरवर हे विचित्र वाटतं, कारण 'अगदी निवडून, क्वचितच करतो' हे ऐकायला सावधपणाचं लक्षण वाटतं. पण क्वचित करणारे बरेचदा सौम्य झिजेचे गुडघे निवडतात, म्हणजे पायरी दोनमध्ये सांगितलेली नेमकी ती चूक, आणि हातही पुरेसा बसलेला नसतो.

रोबोटबद्दल थोडक्यात. इम्प्लांट ठरवलेल्या कोनात बसवण्याची अचूकता रोबोटने वाढते. दहा-पंधरा वर्षांनंतरचे निकाल त्यामुळे किती सुधारतात, हे अजून ठरायचं आहे. नियमित पार्शल करणारा सर्जन रोबोटशिवाय मिळत असेल तर मी तिकडे जाईन.

पायरी ५: ऑपरेशनच्या आधी स्वतःची नोंद

एक वही घ्या. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात त्या बारा प्रश्नांची उत्तरं लिहा: रात्री दुखतं का, किती मिनिटं चालता येतं, खुर्चीतून उठताना कसं होतं, जिना उतरताना काय होतं, लंगडता का, गुडघा मधेच दगा देतो का, टेकता येतो का, खरेदीला एकट्याने जाता येतं का. त्याखाली तुमची स्वतःची तीन कामं लिहा, जी तुम्हाला पुन्हा करायची आहेत. 'चांगलं चालणं' असं मोघम नको. 'तिसऱ्या मजल्यापर्यंत कठडा न धरता' असं लिहा.

हे का? कारण माणूस जुनं दुखणं फार लवकर विसरतो. चौथ्या महिन्यात एक बाई माझ्यासमोर बसून सांगत होत्या, "काही फरक नाही हो, फुकट केलं." वही उघडली. ऑपरेशनच्या आधी त्या रात्रीतून तीन वेळा उठत होत्या. "आता?" म्हटलं. जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आता झोपते. पण टेकता कुठे येतंय?" तक्रार खरी होती, पण ती टेकण्याची होती, सगळ्या गुडघ्याची नव्हती. मग आम्ही टेकण्यावर काम केलं.

याच काळात मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम सुरू करा, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा आणि तंबाखू-सिगारेट बंद करा. जखम भरण्यावर आणि जंतुसंसर्गावर शेवटच्या दोन गोष्टींचा थेट परिणाम होतो.

पायरी ६: पहिले दोन आठवडे, सुजेशी भांडण

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात. काही जण त्याच दिवशी घरी जातात, बाकीचे एक-दोन रात्री राहून. चालणं पूर्ण गुडघ्याच्या मानाने लवकर जमतं, आणि खरा धोका तिथेच आहे. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरभर फिरतात, पाचव्या दिवशी गुडघा फुगून टम्म होतो, सातव्या दिवशी वाकत नाही म्हणून घाबरतात.

पहिल्या पंधरा दिवसांत सुजेला आधी सांभाळायचं. पाय हृदयापेक्षा वर उचलून ठेवणं, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. चालणं थोडं थोडं, तासाला एकदा. दर तासाला घोटा वर-खाली हलवा, म्हणजे पोटरीतलं रक्त फिरत राहतं. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन जितके दिवस सांगितलंय तितके दिवस घ्यायचंच. "आता चालतोय ना, मग कशाला" असं म्हणून परस्पर बंद करू नका.

एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. कुणीतरी प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतं. बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या गुडघ्यात ताण कमी असतो. पण रोज तासन् तास असं झोपलं की गुडघा त्याच वाकाला आखडतो, आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा माणसाला लंगडत ठेवतो. उशी काढा. एक टॉवेल घट्ट गुंडाळा आणि तो टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहील. आता मांडीचा पुढचा स्नायू आवळा आणि गुडघा खाली गादीकडे दाबा. पाच मोजा, सोडा. दहा वेळा. वाटी मांडीकडे किंचित वर सरकताना दिसली की व्यायाम बरोबर चाललाय. पहिल्या दिवशी ती जागची हलणारच नाही. सूज असली की हा स्नायू रुसून बसतो. चार-पाच दिवसांत तो परत येतो.

वाकवण्याचं उलट आहे. टाच अंथरुणावर घसरवत स्वतःच्या ताकदीने जितकं वाकेल तितकंच वाकवा. दुसऱ्याकडून जोर लावून वाकवून घेऊ नका. पार्शलमध्ये वाक बहुधा आपोआप येतो. जबरदस्तीने फक्त सूज वाढते. जिन्यासाठी एक सूत्र: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. टाके किंवा क्लिपा साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

खाली लिहिलेल्यापैकी काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट बघू नका. पोटरी सुजून टणक झाली आणि दुखायला लागली. दम लागला किंवा छातीत दुखलं. यात थेट इमर्जन्सी गाठायची. जखमेतून पाणी किंवा पू येतोय, किंवा ताप येऊन गुडघा वाढत्या क्रमाने लाल आणि दुखरा होतोय. या शेवटच्या बाबतीत दुसऱ्या कुणाकडून अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी ज्याने ऑपरेशन केलं त्या सर्जनला गाठा. सांध्यातलं पाणी काढून तपासायच्या आधीच औषध पोटात गेलं तर जंतू तपासणीत सापडत नाही आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात.

पायरी ७: सहा आठवड्यांपर्यंत

काठी दोन ते सहा आठवड्यांत सुटते. घाई नको. काठी न घेता लंगडत चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेलं बरं, कारण लंगडण्याची सवय लागली की ती घालवायला महिने जातात. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरा. हे सांगूनही निम्मे लोक उलटंच धरतात.

बैठं काम चार ते सहा आठवड्यांत सुरू करता येतं, अंगमेहनतीचं आठ ते बारा आठवड्यांत. गाडी चालवणं साधारण सहा आठवड्यांनी, तेही गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद झाल्यावर आणि अचानक ब्रेक दाबता येतो याची उभ्या गाडीत खात्री करून. या टप्प्यावर खुर्चीतून हात न लावता उठणं आणि बसणं, दहा-दहा वेळा, हा माझा आवडता व्यायाम आहे. उठताना सगळा भार चांगल्या पायावर जातोय का ते आरशात बघा. जातच असतो.

पायरी ८: तीन महिने ते एक वर्ष, काय चालतं आणि काय खटकायला हवं

या काळात फोन येतात ते भीतीपोटी. बहुतेक गोष्टी नेहमीच्या असतात.

गुडघा स्पर्शाला गरम लागतो: काही महिने चालतं, विशेषतः संध्याकाळी. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर वाटते: चीर देताना त्वचेची एक बारीक नस कापली जाते, त्यामुळे हे होतं. ती जागा हळूहळू आकसते, काहींमध्ये थोडी कायम राहते. टिचकी वाजवल्यासारखा आवाज येतो: धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकल्याचा आवाज आहे. दुखत नसेल तर सोडून द्या. आणि सगळ्यात जास्त घाबरवणारं म्हणजे नडगीच्या वरच्या आतल्या भागात, चकतीच्या बरोबर खाली, दुखणं. तिथल्या हाडावर आता भार नव्या पद्धतीने पडतोय आणि हाड त्याच्याशी जुळवून घेतंय. हे दुखणं सहा महिन्यांपर्यंत, काहींना वर्षभरही राहतं आणि मग निवतं.

टेकण्याबद्दल: बहुतेकांना 'टेकू नका' असं कुणीही सांगितलेलं नसतं, ते स्वतःच घाबरून टेकत नाहीत. व्रण पूर्ण भरल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, सर्जनला विचारून जाड घडी केलेल्या ब्लँकेटवर थोडा थोडा भार देत सुरुवात करा. पहिल्यांदा वाटतं ते दुखण्यापेक्षा विचित्र जास्त असतं. त्या बधिर जागेमुळे आपण कशावर टेकलोय तेच कळत नाही. चालणं, सायकल, पोहणं खुशाल करा. सतत धावणं आणि उड्या मारणं बहुतेक सर्जन नको म्हणतात.

खटकायला हवं ते हे: बरा होत आलेला गुडघा अचानक अडकला, ना धड सरळ होतोय ना वाकतोय, आणि आत काही सरकल्यासारखं वाटलं. सरकत्या गादीच्या इम्प्लांटमध्ये गादी निसटल्याचं हे लक्षण असू शकतं. जोर लावू नका, एक्स-रे काढा. किंवा चांगल्या गेलेल्या काळानंतर नव्याने सुरू झालेलं, वाढत जाणारं, भार दिल्यावरचं दुखणं. पहिल्या काही आठवड्यांत ते नडगीच्या हाडाला गेलेल्या तड्याचं असू शकतं, काही वर्षांनी सुरू झालं तर सैल झालेल्या इम्प्लांटचं किंवा दुसरा कप्पा झिजल्याचं.

पायरी ९: वर्ष झालं, तरी दुखतंय

असे लोक असतात, आणि त्यांना 'सगळं छान आहे' असं सांगून घरी पाठवणं बरोबर नाही. पण पुन्हा बदलण्याची घाईही तितकीच वाईट. माझ्या पाहण्यातल्या एका गृहस्थांना नवव्या महिन्यात एका ठिकाणी एक्स-रेवर बोट ठेवून सांगितलं गेलं, "हे बघा, चकतीखाली काळी रेघ आहे, सैल झालंय." ते हादरूनच माझ्याकडे आले. पार्शलमध्ये नडगीच्या चकतीखाली अशी बारीक, स्पष्ट कडेची रेघ बऱ्याच जणांना दिसते, विशेषतः इम्प्लांट हाडाला चिकटवायला सिमेंट वापरलेलं असेल तर. ती तशीच राहते आणि तिचा दुखण्याशी संबंध नसतो. रेघ दर फिल्ममध्ये रुंद होत असेल किंवा चकतीची जागाच बदलली असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांनी दुसरं मत घेतलं. दुखणं कंबरेतून येत होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री: रक्ततपासणी, गरज पडली तर सांध्यातलं पाणी. मग कंबर आणि खुबा. मग आधीची आणि आत्ताची फिल्म शेजारी-शेजारी ठेवून तुलना. मग मांडीच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत मोजून. कारण सापडलं तर त्यावर उपाय होतो, आणि दुसऱ्या ऑपरेशनचा निकालही बरा लागतो. कारण न सापडता केवळ दुखतंय म्हणून बदललेल्या गुडघ्यांमध्ये बरेच जण नंतरही दुखतच राहतात.

ऑपरेशनच्या आधीचे एक्स-रे मात्र फेकू नका, कितीही जुने झाले तरी. पुढे कधी कुणी "मुळात हाडाला हाड टेकलं होतं का?" असं विचारलं, तर उत्तर फक्त त्याच फिल्ममध्ये असतं. वहीच्या मागच्या पानाला चिकटवलेल्या पाकिटात त्या ठेवा, आणि सोबत इम्प्लांटचं नाव, माप आणि बॅच नंबर लिहिलेले स्टिकर. ते स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत असतात. नसतील तर त्याच आठवड्यात मागून घ्या.